बोटीच्या गावात मारोती नव्हता

माह्या पोरीचं लग्न एका मारोतीपायी अडलं होतं. पोरगी चांगली, पोरगा चांगला, दोघं एकमेकायले पसंत. पण पोराचा मामा म्हणे, तुमच्या गावात मारोती नाही, मी वरात कुठी आणू?

त्याचंही काही चुकलं नव्हतं. आमच्या इकडे नवरदेव गावात आला का पयले मारोतीच्या पारावर जाते. पाया पडते, नारळ फोडते, मंग मांडवात येते. मारोतीले टाळून मांडवात शिरलेला नवरदेव मी तं पाह्यला नाही. अन् आम्ही राहत होतो त्या गावात बाकी सारं होतं. विजेचे खांब होते, बागेत सिमेंटचा बदक होता, बाजा वाजवायले गोल ओटा होता, रंग मारलेल्या कोठड्या होत्या. मारोती तेवढा नव्हता. ते गाव बांधणाऱ्यायनं ठेवलाच नाही. त्यायले वाटलं, इथं लोक दोन दिवस येतीन, हवा खातीन अन् जातीन. इथं कोणी राहीन, इथं कोणाचं लग्न होईन, कोणी मरीन, हे त्यायच्या ध्यानातच आलं नाही.

आता पयलेपासून सांगते.

माह्या सासरचं गाव धरणात गेलं. पाणी येणार, पाणी येणार म्हणून दवंडी होऊन राहिली होती, पण कोणाले खरं वाटत नव्हतं. मंग एक दिवस लोकायनं मारोती उचलला. पारावरून खणून काढला, बैलबंडीत तणसाच्या गादीवर ठेवला अन् टाळ वाजवत उंचावर नेला. तिथं सरकारनं चौकोनी चौकोनी जागा आखून दिल्या होत्या. त्याले सारे नवं गाव म्हणत. मारोती गेला, त्याच्या मांगं लोक गेले. माहा जेठ गेला, जाऊबाई गेली. आम्ही नाही गेलो.

मंग पाणी भरलं, अन् त्याच दिवसात नागपूरचे काही सेठ लोक येऊन ते पाहत होते. त्यायले तलावाच्या काठावर हवा खायचं गाव बसवायचं होतं. एक सेठ म्हणे, नागपूरच्या माणसाले समुद्र कुठी पाहायले भेटते? आम्ही त्याले इथंच समुद्र दाखवतो. त्यायनं माह्या नवऱ्याले विचारलं, पोहता येते का? नदीकाठचा माणूस, पोहता येणारच. म्हणे, मंग तू बोट चालव, राहायले खोली देतो, बायकोलेही काम देतो.

आमची जमीन थोडीशी, तीही बुडाली होती. ह्यायनं हो म्हटलं.

जेठाले लय राग आला. म्हणे, "ज्या पाण्यानं घर बुडवलं, त्याच पाण्यावर लोकायले फिरवशील? लाज नाही वाटत?"

हे म्हणे, "पाणी काही मले पुसून आलं का दादा? आलं तं आलं. आता त्याच्यावरच खाऊ."

तिथून भावाभावाचं बोलणं सुटलं. जाऊबाई बाजारात दिसली तं तोंड फिरवे. माहं नाव तिनं हाटेलवाली ठेवलं होतं. मी काही बोलली नाही. बोलून तरी काय, खरंच हाटेलात होती मी.

पयले चार-पाच साल गाव मस्त चाललं. आमच्या भागातले लोक त्याले बोटीचं गाव म्हणत. ऐतवारी नागपुरातून मोटारी येत, एसटी भरून येई. बाया बोटीत पाय ठेवला का किंचाळत अन् मंग दिवसभर उतरायचं नाव घेत नसत. ह्यायले खाकी शर्ट अन् लाल टोपी भेटली होती. टोपी घातली का माणूस वेगळाच दिसे. माहं काम चादरी धुवायचं. घाटाच्या बाजूनं लांब तार बांधली होती, तिच्यावर पांढऱ्या चादरी वाळत. वारा आला का त्या साऱ्या एकसोबत फुगत. तवा माही पोरगी रांगत होती. चादरीच्या खालून इकडून तिकडं जाई. साहेब लोक तिचे फोटो काढत. एकानंही फोटो पाठवला नाही.

काही लोकायनं तिथं बंगले बांधले. कचेरीतून रिटायर झालेले एक साहेब तं बायकोले घेऊन कायमचेच राहायले आले. साहेबाले दमा होता. बाई मले म्हणे, "इथली हवा बघ किती ओली आहे. यांना आता बरं वाटेल." साहेब व्हरांड्यात आरामखुर्ची टाकून पाणी पाहत बसत.

पण एक गोष्ट चुकली होती. सेठ लोक जागा पाहायले आले ते कार्तिकात. तवा तलाव काठोकाठ भरला होता. जिथं पाणी दिसलं तिथं त्यायनं घाट बांधला. दगडी पायऱ्या, लोखंडी कठडा, सारं पक्कं. धरण मात्र संत्र्यायसाठी होतं. फागणात पाट सुटे, अन् काटोल-नरखेडकडच्या बगीच्यायले पाणी जाई ते मिरगापर्यंत. पोरायच्या शाळेले उन्हाळ्याची सुटी लागली का नागपूरचे लोक येत, अन् त्याच टायमाले पाणी निघून जाई. पयल्या सालात पाऊस दणकून झाला म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही. सेठलेही नाही अन् आमालेही नाही. आम्ही नदीवाले. तलाव कसा राहते, हे आमाले काय माहीत?

मंग पाऊस कमी होत गेला अन् घाट कोरडा पडाले लागला. पायऱ्या उतरून गेलं का पाणी नाही, चिखल. त्यायनं चिखलात फळ्या टाकल्या. पाणी आणखी मांगं सरकलं, आणखी फळ्या टाकल्या. एका खेपेले एक जाडीशी बाई फळीवरून घसरली अन् गुडघ्यापर्यंत गेली चिखलात. ह्यायनं अन् तिच्या नवऱ्यानं मिळून ओढून काढली. चप्पल काही निघाली नाही. तिचा नवरा म्हणे, "काय गा, बोट चिखलात चालवता काय तुम्ही?"

हे म्हणे, "नाही जी. बैल लावतो."

सारे हसले, ती बाईही हसली. पण पुढच्या साली ते लोक आले नाही. दुसरेही आले नाही.

मंग दुष्काळाचं साल आलं अन् राह्यलं-साह्यलं पाणीही गेलं. मासोळ्या उताण्या पडल्या. वास असा का जेवण उतरत नव्हतं. सेठच्या माणसानं हाटेलले कुलूप लावलं अन् साऱ्या कोठड्यायच्या चाव्यायचा जुडगा ह्यायच्या हातात दिला. म्हणे, "लक्ष ठेव. पाणी आलं का उघडू." तो गेला तो गेला. बंगलेवालेही एक एक करून गेले. एसटी आतमध्ये येणं बंद झालं, फाट्यावरच थांबे. खांबावरचे दिवे लागत नव्हते. त्या येवढ्या गावात आमचं घर अन् साहेबाचं घर, दोनच चुली पेटत.

मी संत्र्याच्या बगीच्यात जाऊ लागली. तोडणी राहे, मंग पेट्यायमध्ये गवत घालून फळं भरायचे. पायी जायचं, पायी यायचं. हे घरी राहून कुलुपायले तेल घालत, अन् दर साली दिवाळीच्या आधी बोटीयले रंग मारत. रंग नाही भेटला तं गेरू लावत. मी एकदा म्हटलं, "अहो, कोणासाठी?"

म्हणे, "पाणी आलं तं?"

पाणी येईच. दर पावसाळ्यात येई. माणसं येत नव्हते.

त्या दिवसात माहं दुसरं लेकरू गेलं. पोरगा होता, वर्षाचाही नव्हता. ताप आला. पावसाचे दिवस, नाल्याले पूर, फाट्यापर्यंत जाता आलं नाही. सकाळी गेला. त्याले कुठी न्यावं, हा प्रश्न पडला. बोटीच्या गावाले मसणही नव्हतं. जुन्या गावाचं मसण पाण्याखाली. नव्या गावाचं नाल्यापलीकडे. शेवटी बोट ठेवायच्या शेडमांगं उंबराचं झाड होतं, त्याच्याखाली ह्यायनं खड्डा केला. साहेबाची बायको छत्री धरून उभी होती. नव्या गावातून कोणी आलं नाही. त्यायले कळलं असंन, नसंन, मी विचारलं नाही. मंग मी कधी म्हटलं नाही का हे गाव सोडू. ह्यायनंही नाही. हे बोटीपायी राह्यले का उंबरापायी, तेही मी विचारलं नाही.

पोरगी मोठी झाली. रंगानं सावळी, पण तोंडानं लय गोड अन् कामाले वाघीण. पाहायले पाव्हणे येत. फाट्यावरून चालत येता येता त्यायचं तोंड उतरत जाई. बंद बंगले, मोडक्या खिडक्या, बागेत वाढलेलं गवत अन् त्यात तो सिमेंटचा बदक. चहा पिऊन जात अन् मंग निरोप येई, पोरगी चांगली आहे पण जमत नाही. एकीनं तं तोंडावर म्हटलं, "अशा भुताच्या गावातली सून आणावं तं सोबत काय येईन काय माहीत."

पोरगी आतून म्हणे, "भुतंही सोडून गेले जी मावशी. त्यायलेही पाणी पाहिजे."

मी तिले चिमटा घेतला. पण मलेही हासू आलं.

मंग खापरखेड्याचं स्थळ आलं. पोरगा पावरहाऊसमध्ये कामाले होता, राहायले खोली होती. त्याले बाप नव्हता. मामानं वाढवला होता, अन् मामा नरखेडकडचा शेतकरी माणूस, मोठा कडक. पोरगा पोरीकडे पाहून लाजून राहिला होता, ही चांगली गोष्ट. मामानं पोहे खाल्ले, पाणी पेला अन् ह्यायले म्हणे, "चाला भाऊ, गाव दाखवा."

मी दारातून पाहत होती. हे पुढं, मामा मांगं. घाट पाह्यला, गोल ओटा पाह्यला. परत आले तं मामाच्या कपाळावर आठ्या.

"सारं पाह्यलं. मारोती कुठी आहे?"

ह्यायनं माह्याकडं पाह्यलं. मीच म्हटलं, "मामाजी, मारोती नव्या गावाले नेला."

"मंग हे कोणाचं गाव?"

"बोटीचं गाव म्हणतात."

"बोट काय लग्नाले येते बाई? मारोती नाही, शेजार नाही. हळद लावाले पाच सवाष्णी लागतात. दाखवा बरं मले पाच सवाष्णी इथं."

मी मोजलं. मी एक, साहेबाची बायको दोन. तिसरी कोणती?

मामा जरा नरमला. म्हणे, "हे पाह्य बाई, पोरगी मले पसंत आहे. माहा भाचा तं जेवणही विसरला. पण त्याले बाप नाही. उद्या कोणी म्हणू नये का मामानं पोराचं लग्न रानात उरकलं, चोरीछिपी. मले गाव पाहिजे. गाव दाखवा, लग्न वैशाखात लावू. नाही तं रामराम." मंग थांबून म्हणे, "होळीनंतर निरोप पाठवा."

ते गेल्यावर पोरगी भांडे घासत बसली. घासलेलंच भांडं घासत होती. मी म्हटलं, "काय वं?"

म्हणे, "काही नाही माय. मामाले म्हणा, बदकाच्या पाया पडा. त्यालेही शेंदूर लावून ठेवते." अन् पदरानं नाक पुसलं. पोरगी कधी रडे नाही. तवा मले कळलं का तिलेही तो पोरगा पाहिजे.

होळी झाली. मी ह्यायले म्हटलं, "मी नव्या गावाले जाते."

हे कुलुपाले तेल घालत होते. मान वर केली नाही. "जा," म्हणे. येवढंच. मी त्याचा अर्थ लावत बसली नाही, लुगडं बदललं अन् निघाली.

जाऊबाई अंगणात शेवया करत बसली होती. शेवया करायले दोघी लागतात. एकीनं उतरत्या पाटावर पीठ मळत तार सोडायची, दुसरीनं खाली काडीवर झेलायची. ती एकटीच होती. मळे अन् उठून झेले, मळे अन् उठून झेले. तारा तुटून राहिल्या होत्या. मले पाह्यलं अन् म्हणे, "आली का हाटेलवाली. रस्ता चुकली का?"

मी म्हटलं, "नाही बाई. तुमच्याचकडे आली."

"काहून वं? हाटेलात गिऱ्हाईक नाही वाटते."

मी उभीच. तीही पाहत राह्यली. मंग म्हणे, "उभी काय राह्यली खांबासारखी? हात धू अन् झेल. पीठ वाळून राहिलं."

मी हात धुतले अन् बसली. ती तार सोडे, मी झेले. डोळ्यात पाहायचं काम नव्हतं, दोघीचं ध्यान शेवयीकडं. तसंच झेलता झेलता मी सारं सांगितलं. स्थळ, मामा, मारोती, पाच सवाष्णी.

ती म्हणे, "म्हणजे मारोती मांगाले आली. देव काय भांडं आहे वं, उसना द्यायले? एकदा बसवला तो बसवला."

"देव नको मले, बाई. तुम्ही या."

तिचा हात थांबला. तार तुटली.

"लग्न आमच्या दारात लाव म्हण ना मंग," ती म्हणे. "इथं मारोती आहे, सारे आहेत. पोरगी आमचीही आहे."

"हे येणार नाहीत बाई. तुमालेही माहीत आहे."

"हो. दोघं भाऊ सारखेच. एकाचं नाक तासावं अन् दुसऱ्याले लावावं."

पुन्हा तार सुरू झाली. तिनं हळूच विचारलं, "पाणी कितलं उतरलं?"

"उतरून राहिलं. वैशाखात जुनं गाव उघडं पडते. पार दिसते. घरायचे जोतेही दिसतात."

"माहा उंबरठा?"

"दगडाचा होता ना तुमचा? आहे. शेवाळ धरलं, पण आहे."

तिनं पिठाले पाणी लावलं. नव्या गावातलं कोणी रुसव्यापायी तिकडं फिरकलंच नव्हतं. बोटीच्या गावातून वाट जाते, अन् बोटीच्या गावात पाय ठेवायचा नाही, असं ठरलं होतं. शेवया संपल्या. मी उठली तं म्हणे, "जेवून जा." भाकर वाढली, वर तेल-तिखट. मी जेवली. निघताना विचारलं, "मंग काय सांगू मामाले?"

"मी काय पाटील आहे? पाहू," म्हणे.

त्या 'पाहू'वर मी मामाले निरोप धाडला, या, आमच्या गावात पार आहे. ह्यायले मी जाऊबाईचा 'पाहू' सांगितला, तं हे म्हणे, "पाहू म्हणजे येत नाही." मलेही तसंच वाटे. पण दुसरं हातात काय होतं?

वैशाख लागला. पाणी लय खाली गेलं, भेगा पडलेली माती उघडी झाली अन् जुनं गाव वर आलं. आम्ही तिघं जाऊन पार साफ केला. ह्यायनं फावड्यानं गाळ ओढला, मी अन् पोरीनं घासला. जिथं मारोती होता तिथं रिकामी जागा, खाच पडलेली. बाजूले कडुलिंबाचं काळं खोड. मांडव आमच्या खोलीसमोर घातला, जांभळाच्या पानासकट तोडलेल्या डगाली ह्यायनं आणल्या. बोटी पाहून ह्यायच्या डोक्यात आलं का वऱ्हाडी बैलबंडीनंही येतीन, बैलायले पाणी लागन. मंग बोटी ओढत शेडबाहेर काढल्या अन् खड्ड्यातलं पाणी आणून त्यात भरलं. पयले त्या बोटी पाण्यावर चालत होत्या, आता पाणी त्यायच्यात होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी हळद वाटून ठेवली. साहेबाची बायको आंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन हजर. म्हणे, "मी सवाष्ण आहे हो, माझी एक धरा." मी म्हटलं, धरली. बाकी तीन कुठून आणू? एक मन म्हणे, बगीच्यातल्या बाया बोलावायले पाहिजे होत्या. त्या आल्याही असत्या, पण त्या एका गावच्या नाहीत, कोणी कुठली, कोणी कुठली. मामाले गाव पाहिजे होतं.

ऊन चढून राहिलं होतं. पोरगी पिवळं लुगडं नेसून बसली होती. मी पारापाशी जाऊन उभी राह्यली. समोरच्या काठावर धूळ दिसली. मले वाटलं ढोरं असतीन. मंग बंड्या दिसल्या, मंग चालणारी माणसं. तलावाच्या कोरड्या पोटातून सरळ येऊन राहिले होते, बोटीच्या गावाच्या वाटेनं नाही. मारोती नेला होता त्या जुन्या वाटेनं.

जाऊबाई पुढं होती. तिच्या हातात वाटी. माह्यापाशी आली अन् पयले काय म्हणे? "हळद कोरडी आहे का ओली? मले ओलीच लागते."

मी पदर तोंडाले लावला. ती म्हणे, "रडू नको वं, कामं पडले आहेत."

पण बायायचे पाय आधी आपल्या आपल्या घरी गेले. जोते पाहत फिरत होत्या.

"हे माहं अंगण!"

"तुहं अंगण नाही वं, तो तुहा गोठा आहे."

"गोठाच मोठा होता आमचा, तुह्या घरापेक्षा."

कोणी चुलीची जागा शोधली, कोणी तुळशीची. मंग एकीनं बोटीतून घागर भरून आणली अन् आपल्या नसलेल्या दारापुढं सडा टाकला. तिचं पाहून दुसरीनं टाकला. भेगा पडलेल्या मातीवर सडा अन् रांगोळ्या. म्हातारे आपल्या जोत्यावर जाऊन बसले, जसे पयले ओसरीवर बसत. जाऊबाई आपल्या उंबरठ्यावरचं शेवाळ नखानं खरवडून राहिली होती.

जेठ बंडीपाशी उभा होता. हे लांब उभे होते. कोणी पुढं सरकत नव्हतं. शेवटी जेठानंच विचारलं, "बोट कुठी आहे तुही?"

हे म्हणे, "तुमचेच बैल पाणी पिऊन राहिले तिच्यात."

जेठानं वळून पाह्यलं. त्याचे दोन्ही बैल बोटीत तोंड घालून उभे. तो आधी हसला नाही, मंग येवढ्या जोरानं हसला का बैल बिचकले. हे जाऊन त्याच्या पायाशी वाकले.

जाऊबाईच्या वाटीत शेंदूर होता. नव्या गावच्या मारोतीपुढं ठेवून, तिथलंच तेल घालून कालवून आणला होता. जेठानं पारावरच्या त्या खाचेत एक गोटा बसवला, जुन्या गावातलाच, अन् शेंदूर लावला. नारळ ठेवला. म्हणे, "झालं. देव तिथंही आहे, इथंही आहे. त्याले काय, तो उड्या मारणारा."

पाच काय, पंगत बसंन इतल्या सवाष्णी होत्या. हळद लागली. साहेबाच्या बायकोले त्यायनं पयला मान दिला, कारण ती एकटीच अशी होती का जी येवढे दिवस आमच्यासोबत राह्यली. हे जाऊबाईनंच ठरवलं.

वरात आली. फाट्यापासून बाजा वाजवत बंद बंगल्यायच्या मधातून आली. मामा पुढं, फेटा बांधून, तोंड आधीच वाकडं करून. घाटाच्या पायऱ्यायवर आला अन् थांबला. खाली पाह्यलं तं गाव. सडे घातलेले, रांगोळ्या काढलेल्या, जोत्याजोत्यावर माणसं बसलेली, पारावर शेंदऱ्या मारोती. घरं तेवढे नव्हते.

मामा म्हणे, "हे कोणतं गाव?"

जाऊबाई घाटाखाली उभी होती. कमरेवर हात ठेवून म्हणे, "पोरीचं गाव आहे पाव्हणे. उतरा खाली. का मारोतीनं वर यायचं?"

मामा उतरला. नवरदेव पारावर गेला, पाया पडला, नारळ फोडला. मामानंही डोकं टेकवलं, अन् उठून ह्यायले म्हणे, "भाऊ, मी गाव मांगतलं होतं. तुम्ही दोन दाखवले." मंग बुंदी तीनदा मांगून खाल्ली, अन् वांग्याच्या भाजीत तिखट कमी आहे म्हणून बोललाही. बोलल्याशिवाय त्याले जेवण पचत नसंन.

पाठवणीच्या वेळेले पोरगी माह्या गळ्यात पडली नाही. जाऊबाईच्या पडली. मोठीमायले घट्ट धरलं अन् तिच्या कानात काहीतरी म्हटलं. काय म्हटलं ते जाऊबाईनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

वरात गेली तरी नव्या गावचे लोक उठत नव्हते. ऊन उतरलं तरी आपल्या आपल्या जोत्यावर बसून होते. जाऊबाई माह्यापाशी आली अन् म्हणे, "पोराले कुठी ठेवलं?"

मी तिले शेडमांगं नेलं. उंबराखाली ती बसली. वाटीत शेंदूर नव्हता उरला, बोटाले होता तेवढा तिनं तिथल्या दगडाले पुसला. म्हणे, "पूर होता वं त्या दिवशी. मी नाल्यापर्यंत आली होती. पलीकडून तुमचं शेड दिसे." येवढंच बोलली. मी म्हटलं, "हो. पूर होता."

मंग तिनं माहा हात धरला अन् उठली. "चाल आता. घरी चाल. पोरगी गेली, इथं कोणासाठी चूल पेटवशील?"

मी ह्यायच्याकडे पाह्यलं. ह्यायनं ऐकलं होतं. खोलीत गेले. पेटी काढली, आंथरुण काढलं, तवा काढला. जेठानं बंडीत टाकलं. साहेबाच्या बायकोले मी म्हटलं, तुम्हीही चाला. ती म्हणे, "यांना व्हरांडा सोडवत नाही गं. पाणी आलं की या भेटायला." तिच्याकडं आम्ही जात राह्यलो, दोघं होते तोवर.

चाव्यायचा जुडगा ह्यायच्या हातात होता. कोणाले द्यावं, सेठ तं कधीचा आला नव्हता. हे बागेत गेले, अन् गवतातून वाट काढत जाऊन सिमेंटच्या बदकाच्या गळ्यात तो जुडगा अडकवला. मंग टोपी काढून पाह्यली. लाल राह्यली नव्हती. ती परत डोक्यावर ठेवली अन् बंडीत माह्याजवळ येऊन बसले.

बंडी तलावाच्या पोटातून, जुन्या वाटेनं निघाली. पारापाशी आली तं जेठानं बैल थांबवले. कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही दोघं उतरलो, पाया पडलो अन् पुन्हा बसलो.